विद्युत्-विच्छेदी धारित्र : कार्य, आयुष्य आणि परीक्षा

घरातील दूरचित्रवाणी संच एके दिवशी कळ दाबल्याबरोबर सुरू होत नाही. पुढचा लाल दिवा लुकलुकतो, आतून बारीकशी टिकटिक ऐकू येते आणि तीन-चार प्रयत्नांनंतर चित्र दिसू लागते. एकदा सुरू झाला, की मग तो रात्रीपर्यंत बिनतक्रार चालतो. थंडीच्या दिवसांत सकाळी मात्र त्याला दहा वेळा आर्जवे करावी लागतात आणि अखेरीस एके दिवशी तो कोणाचेच ऐकेनासा होतो. घरची माणसे म्हणतात, "संच जुना झाला, आता नवा घ्यावा."

अशा संचात शेकडो सुटे भाग असतात. त्यांतील बहुतेक सर्व भाग ठणठणीत असतात. चित्र घडविणाऱ्या अर्धसंवाहक चकत्यांना काहीही झालेले नसते. बिघाड असतो तो पुष्कळदा काही रुपयांच्या एका लहानशा डबीत. तिला शास्त्रीय परिभाषेत विद्युत्-विच्छेदी धारित्र म्हणतात. बाजारात तिचे नाव 'इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर' अथवा नुसते 'कंडेन्सर' असे आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणातील इतर बहुतेक भाग कोरडे असतात, हा एकच ओला असतो. या ओलेपणातच त्याची उपयुक्तता आहे आणि त्याच्या मृत्यूचे बीजही त्यातच आहे. ही गोष्ट ज्याला नीट समजली, त्याला दुरुस्तीच्या विद्येतील एक मोठा प्रांत मोकळा झाला असे समजावे.

धारित्राची मूळ कल्पना

दोन धातूंचे पत्रे समोरासमोर ठेवले आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा एखादा पदार्थ घातला, की धारित्र तयार होते. पत्र्यांना विद्युत् दाब दिला असता एकावर धन व दुसऱ्यावर ऋण भार साचतो. दाब काढून घेतला तरी भार तेथेच राहतो आणि मार्ग मिळताच तो वाहून जातो. १७४५-४६ च्या सुमारास जर्मनीत एवाल्ट फोन क्लाइस्ट याने आणि हॉलंडमधील लायडन येथे पीटर फान मुसेनब्रुक याने एकमेकांना नकळत हाच शोध लावला. त्यांचे साधन म्हणजे काचेची एक बरणी होती आणि साठलेल्या विजेचा जबर धक्का बसल्यामुळेच तिचा गुण त्यांच्या ध्यानी आला. पुढे या साठवणशक्तीच्या एककाला मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ 'फॅरड' हे नाव मिळाले. व्यवहारात हे एकक फार मोठे पडते, म्हणून त्याचा दशलक्षांश भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, वापरतात.

साठवणशक्ती वाढवावयाची तर दोनच प्रमुख मार्ग आहेत. पत्र्यांचे क्षेत्रफळ वाढवावे, अथवा त्यांतील अंतर कमी करावे. काच, अभ्रक, कागद यांना किती पातळ करता येईल याला मर्यादा आहे. ही मर्यादा ओलांडण्याची युक्ती पोलिश विद्युत् अभियंता कारोल पोलाक याला सापडली. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विद्युत्-रासायनिक क्रियेने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढविता येतो, हा थर वीज अडवितो आणि योग्य द्रवात तो टिकूनही राहतो, हे त्याने ओळखले. १८९६ साली त्याने अशा धारित्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. पोलाकचे धारित्र द्रवाने भरलेले असे. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल रूबेन याने वर्ख आणि द्रवाने भिजविलेला कागद यांचे थर रचून ते सुटसुटीत केले. आजची डबी ही त्याच घराण्यातील आहे.

डबीच्या आत काय असते?

एखादी जुनी, पूर्णपणे विसर्जित केलेली डबी उघडून पाहिली, तर आत कापडाच्या तागाप्रमाणे घट्ट गुंडाळलेली एक लांब पट्टी आढळते. तीत ॲल्युमिनियमचे दोन वर्ख असतात व त्यांच्यामध्ये ओलसर कागद असतो. एका वर्खावर ऑक्साइडचा थर चढविलेला असतो. हा धनाग्र होय. त्या थराची जाडी दर व्होल्टमागे सुमारे १.४ नॅनोमीटर एवढीच लागते. म्हणजे १०० व्होल्टसाठी सुमारे १४० नॅनोमीटर जाडी पुरते आणि ती माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास येते. त्यातही वर्खाचा पृष्ठभाग रासायनिक रीतीने कुरतडून असंख्य सूक्ष्म विवरांनी भरलेला असतो, त्यामुळे त्याचे खरे क्षेत्रफळ दिसते त्याच्या कित्येक पट होते.

अशा विवरांच्या तळापर्यंत दुसरा पत्रा कसा पोचावा? येथे द्रवाचे काम सुरू होते. कागदात मुरलेला विद्युत्-विच्छेद्य द्रव प्रत्येक विवरात शिरतो आणि ऑक्साइडच्या थराला सर्वत्र भिडतो. वस्तुतः हा द्रवच खरा ऋणाग्र असतो. दुसरा वर्ख केवळ त्याच्यापर्यंत वीज पोचविण्याचे काम करतो. द्रवाचा आणखी एक उपकार आहे. थराला कोठे बारीक तडा गेला, तर दाबाच्या प्रभावाने द्रवातील ऑक्सिजन तेथील ॲल्युमिनियमशी संयोग पावतो आणि थर पुन्हा सांधला जातो.

परंतु ही सर्व व्यवस्था एकाच दिशेने चालते. जोडणी उलटी झाली, तर थर भंग पावतो, प्रवाह अनिर्बंध वाहू लागतो, द्रव तापतो, वायू निर्माण होतो आणि डबी फुटते. म्हणूनच ऋण टोकाच्या बाजूने डबीवर ठळक पट्टा छापलेला असतो आणि नव्या धारित्राची धन तार लांब ठेवलेली असते. घन टँटलमच्या धारित्रांवर मात्र पट्टा धन टोकाकडे असतो. या भेदाचा विसर पडून अनेक नवशिक्यांनी धूर काढलेला आहे.

त्याचे काम

भिंतीतून येणारी वीज प्रत्यावर्ती असते. आपल्या देशात तिची दिशा सेकंदात ५० आवर्तने करते. डायोडांच्या साहाय्याने ती एका दिशेला वळविली, तरी तिचा दाब सेकंदात १०० वेळा शिखरावर चढतो आणि १०० वेळा शून्यावर उतरतो. असा हेलकावणारा दाब इलेक्ट्रॉनिक मंडलाला चालत नाही. गावाला पाणी दिवसातून दोनदाच येत असले, तरी टाकीमुळे नळ दिवसभर वाहतो. धारित्र हे त्या टाकीचे काम करते. शिखराच्या क्षणी ते भरून घेते आणि दोन शिखरांमधील अवकाशात साठा पुरविते.

साधा हिशेब करून पाहू. मंडल १ अँपिअर प्रवाह घेत आहे आणि धारित्र ४,७०० मायक्रोफॅरडचे आहे. दोन शिखरांमध्ये एकशतांश सेकंद जातो. प्रवाहाला काळाने गुणून साठवणशक्तीने भागले, की दाब किती घसरेल ते मिळते. येथे तो सुमारे २ व्होल्ट येतो. आता हेच धारित्र सुकून १,००० मायक्रोफॅरडचे उरले, तर घसरण १० व्होल्टांवर जाऊ पाहते. बारा व्होल्टांवर चालणारे यंत्र मग प्रत्येक शिखरानंतर जवळजवळ उपाशी राहते. ध्वनिवर्धकात याचा परिणाम घुंईऽऽ अशा आवाजाने कळतो, पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात आणि संगणक अकारण पुन्हा पुन्हा सुरू होतो.

साठवणशक्तीइतकाच महत्त्वाचा दुसरा एक गुण आहे. धारित्रात द्रवाचा, वर्खाचा व जोडण्यांचा मिळून थोडासा रोध असतोच. त्याला समतुल्य एकसरी रोध म्हणतात आणि दुरुस्तीच्या दुकानांत तो 'ई. एस. आर.' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. टाकी मोठी असली, तरी तोटी अरुंद झाल्यास पाणी वेगाने मिळत नाही, तसेच येथे होते. आजच्या वीजपुरवठ्यांत सेकंदाला हजारो वेळा उघडझाप होत असते. तेथे साठवणशक्ती जवळपास पूर्ण असूनही केवळ हा रोध वाढल्यामुळे यंत्र बंद पडू शकते.

आयुष्य आणि उष्णता

डबीच्या तोंडाशी रबराचे बूच असते. ते कितीही घट्ट असले, तरी द्रवाची वाफ त्यातून अत्यंत मंद गतीने निसटत राहते. द्रव कमी झाला, की रोध वाढतो. रोध वाढला, की त्याच प्रवाहाने अधिक उष्णता निर्माण होते. एक अँपिअरची ऊर्मी ०.१ ओहम रोधातून जाताना ०.१ वॉट उष्णता देते, तर रोध १ ओहम झाला म्हणजे तीच १ वॉट होते. त्या उष्णतेने द्रव अधिकच वेगाने सुकतो. म्हातारपण स्वतःच स्वतःला जवळ आणते, असा हा प्रकार आहे.

रासायनिक क्रियांचा वेग तपमानाबरोबर कसा वाढतो, याचा नियम स्वीडनच्या स्वांटे अरेनियस याने मांडला. त्यावरून अभियंत्यांनी एक सोपा अडाखा बांधला आहे. तपमान १० अंश सेल्सिअसने उतरले तर धारित्राचे आयुष्य दुप्पट होते आणि तेवढेच चढले तर निम्मे होते. डबीवर '१०५ अंश' असे छापलेले असून उत्पादकाच्या तक्त्यात २,००० तासांचे आयुष्य दिलेले असेल, तर ८५ अंशांवर ते ८,००० तास आणि ६५ अंशांवर ३२,००० तास भरेल.

हा अडाखा भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावयास हवा. २५ अंशांच्या खोलीत जे यंत्र ठेवले आहे, तेच ४५ अंशांच्या खोलीत ठेवले, तर त्यातील धारित्राचे आयुष्य एकचतुर्थांशावर येते. विदर्भात, तेलंगणात, उत्तरेच्या मैदानात उन्हाळ्यातील दुपारी पत्र्याच्या छपराखाली ४५ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. राजस्थानातील फलोदी येथे तर १९ मे २०१६ रोजी सावलीतील तपमान ५१ अंशांवर गेले होते. यंत्राच्या मागची झरोक्यांची जाळी धुळीने बुजली असेल, अथवा त्यावर हौसेने भरतकामाचे आच्छादन घातले असेल, तर आतील तपमान त्याहूनही चढते.

एलईडी दिव्याचे उदाहरण घ्यावे. दिव्याच्या खोक्यावर पुष्कळदा २५,००० तासांचे आयुष्य लिहिलेले असते आणि प्रकाश देणाऱ्या अर्धसंवाहकाच्या दृष्टीने ते अशक्य नसते. परंतु दिव्याच्या अरुंद बुडात बसविलेले धारित्र ८५ अंशांपर्यंत तापत असेल, तर वरील हिशेबाने त्याला ८,००० तास मिळतात. रोज पाच तास दिवा लागला, तर ही मुदत साडेचार वर्षांच्या आतच संपते. मग दिवा लुकलुकू लागतो. दिवा बिघडण्यास इतरही कारणे असतात, हे खरे. तथापि बंद शोभिवंत गोळ्यात बसविलेला दिवा उघड्यावरील दिव्याआधी का जातो, याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे आहे.

एका सदोष द्रवाचा धडा

उष्णता हे म्हातारपणाचे कारण झाले. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्याच्या आरंभी धारित्रांवर अकालमृत्यूची एक साथच आली. संगणकांच्या मुख्य फलकांवरील धारित्रे दोन-तीन वर्षांतच, काही ठिकाणी काही महिन्यांतच, फुगून फुटू लागली. रोध कमी राहावा म्हणून द्रवात पाण्याचे प्रमाण वाढविण्याची पद्धत तेव्हा रूढ होत होती. पाणी ॲल्युमिनियमला खाते, म्हणून त्यात ही क्रिया रोखणारी द्रव्ये योग्य प्रमाणात मिसळावी लागतात. काही द्रवांत ही संरक्षक द्रव्ये पुरेशी नव्हती. मग ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड बनू लागले, हायड्रोजन वायू साचू लागला आणि डबीचे डोके उचलले गेले. सूत्र चोरले गेले आणि चोरणाऱ्याला ते अर्धवटच मिळाले, अशी कथाही त्या काळी पसरली होती. कथेचे काहीही असो, जगभर असंख्य संगणक त्यात निकामी झाले. एका स्वस्त भागातील एका अदृश्य घटकाची उणीव किती महाग पडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

परीक्षा कशी करावी?

प्रथम सावधगिरी. २३० व्होल्टांच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि यंत्राच्या पहिल्या मोठ्या धारित्रात हाच दाब साठतो. १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात त्या दाबाला पाच ज्यूलहून अधिक ऊर्जा असते. ती घातक ठरू शकते. यंत्राची पिन काढल्याबरोबर धारित्र रिकामे झाले, असे कधीही मानू नये. उलट बिघडलेला पुरवठा प्रवाहच घेत नसल्यामुळे त्यातील भार फार वेळ टिकून राहतो. म्हणून पिन काढावी, ५ वॉटचा सुमारे २,२०० ओहमचा रोधक निरोधक मुठीच्या सळ्यांनी धारित्राच्या दोन टोकांना काही सेकंद जोडावा आणि नंतर मापकाने दाब खरोखर उतरला आहे, याची खात्री करावी. थोड्या वेळाने पुन्हा मोजावे, कारण काही दाब आपोआप परत चढतो. पेचकसाने टोके जोडून ठिणगी पाडण्याची रीत दुकानांतून दिसते. तिने धारित्रही दुखावते आणि माणूसही. पुरवठ्याची पहिली बाजू थेट भिंतीतील विजेशी जोडलेली असते. तेव्हा हौशी अभ्यासकाने ती चालू स्थितीत मोजण्याच्या फंदात पडू नये.

त्यानंतर डोळ्यांची परीक्षा. डबीच्या माथ्यावर अधिक चिन्हासारख्या अथवा इंग्रजी 'के'सारख्या खाचा असतात. आतील वायूला शांतपणे वाट मिळावी, हा त्यांचा हेतू होय. माथा सपाट न राहता फुगीर झाला असेल, खाच उकलली असेल, बुडाशी तपकिरी ओघळ असेल, किंवा बूच खाली सरकून डबी तिरपी झाली असेल, तर धारित्र संपले. मात्र बुडाशी दिसणारा प्रत्येक तपकिरी पदार्थ द्रव नसतो. भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला गोंदही पुढे तसाच दिसू लागतो.

परंतु डोळे पुरेसे नाहीत. आरंभी वर्णिलेल्या संचात फुगलेली मोठी डबी बदलूनही संच सुरू झाला नाही, असा अनुभव दुरुस्ती करणाऱ्यास वारंवार येतो. दोषी असते ती बहुधा नियंत्रक चकतीला सुरुवातीची ऊर्जा देणारी २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडची चिमुकली डबी. उष्णता पसरविणाऱ्या पट्टीला खेटून ती वर्षानुवर्षे भाजत असते. ती फुगत नाही, गळत नाही, केवळ आतून सुकते. थंडीत द्रवाची वाहकता आणखी कमी होते, म्हणून सकाळी संच रुसतो. यंत्र तापल्यावर रोध उतरतो, म्हणून एकदा सुरू झालेला संच चालत राहतो. बंद यंत्रातील संशयित डबीवर केस वाळविण्याच्या यंत्राने गरम हवा सोडली आणि त्यानंतर संच पहिल्याच प्रयत्नात उठला, तर निदान जवळजवळ निश्चित झाले.

पक्का निर्णय मापनानेच होतो. साध्या धारणामापकावर विसंबू नये. तो ९० टक्के साठवणशक्ती दाखवील आणि तरीही रोध दहापट झालेला असेल. ई. एस. आर. मापक अत्यल्प प्रत्यावर्ती दाबाने, बहुधा एक लक्ष आवर्तनांवर, रोध मोजतो. दाब इतका थोडा असतो, की शेजारचे डायोड जागे होत नाहीत आणि धारित्र पुष्कळदा फलकावरून न काढताही तपासता येते. कमी रोधाच्या जातीचे १,००० मायक्रोफॅरडचे सुस्थितीतील धारित्र ०.१ ओहमच्या आत असते. ते १ ओहम दाखवू लागले, की निरोप द्यावा. अगदी लहान साठवणशक्तीच्या धारित्रात मात्र मुळातच काही ओहम असतात. तेव्हा त्याच जातीचे नवे धारित्र शेजारी ठेवून तुलना करणे उत्तम.

नवे धारित्र निवडताना

साठवणशक्ती मूळचीच ठेवावी. फार मोठे धारित्र घातले, तर सुरुवातीच्या क्षणी ते भरताना डायोडांवर ताण पडतो. दाबाची मर्यादा मूळची अथवा थोडी अधिक असावी, कमी कधीही नसावी. तपमान १०५ अंशांचे घ्यावे. उघडझाप करणाऱ्या पुरवठ्यात कमी रोधाच्या जातीचेच धारित्र बसवावे. उंची व व्यास पाहून घ्यावा आणि शक्य असल्यास उष्ण पट्टीपासून ते चार मिलिमीटर तरी दूर राहील असे पाहावे. डाख काढण्यापूर्वी ऋण पट्ट्याची दिशा कागदावर टिपून ठेवावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या लजपतराय मार्केटमध्ये, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर वा बंगळूरच्या एस. पी. रोडवर हे भाग सहज मिळतात. तथापि जुन्या फलकांवरून उतरविलेला माल स्वस्त पडतो म्हणून तो घेऊ नये, कारण ज्याचे आयुष्य खर्च झाले आहे तोच भाग पुन्हा विकत घेण्यासारखे ते आहे.

वर्षानुवर्षे न वापरलेल्या यंत्रातील धारित्राचा थर क्षीण होतो आणि गळती प्रवाह वाढतो. माळ्यावरून काढलेला जुना रेडिओ एकदम विजेला जोडू नये, तो याचसाठी. त्यातील धारित्रे जाणकाराने तपासावीत आणि सुस्थितीत असल्यास रोधकातून हळूहळू दाब चढवीत न्यावा, म्हणजे थर पुन्हा बांधला जातो.

छताच्या पंख्यातील धारित्र या घराण्यातील नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. तेथे वीज प्रत्यावर्ती असल्याने प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा लेप दिलेले कोरडे धारित्र असते. त्यात दोष पडला, की त्या ठिकाणचा लेप जळून जातो व दोष मिटतो, पण प्रत्येक वेळी साठवणशक्ती किंचित घटते. २.५ मायक्रोफॅरडचे धारित्र असे झिजत गेले, की पंखा मंदावतो. तेथे विद्युत्-विच्छेदी धारित्र बसविणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. त्याचप्रमाणे विजेच्या प्रवेशद्वाराशी असलेली सुरक्षा-वर्गाची धारित्रे त्याच वर्गाच्या धारित्रांनीच बदलावीत.

यंत्र बिघडले, की ते टाकून द्यावे, अशी सवय सर्वत्र वाढत आहे. त्या टाकलेल्या यंत्राबरोबर तांबे, सोने, शिसे आणि अनेकांचे श्रम उकिरड्यावर जातात. गावातील दवाखान्याचे एखादे उपकरण काही रुपयांच्या डबीसाठी महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहते, तेव्हा त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. यंत्राचा कोणता भाग नश्वर आहे आणि तो कोणत्या नियमाने क्षीण होतो, एवढे ज्ञान असले, तर यंत्राच्या मागे हवा खेळती ठेवणाऱ्या गृहिणीपासून फलकाची आखणी करणाऱ्या अभियंत्यापर्यंत प्रत्येकाला त्याचे आयुष्य वाढविता येते. आखणी करणाऱ्याने धारित्र उष्ण भागापासून बोटभर दूर ठेवले, तर त्या एका रेघेने यंत्राला कित्येक वर्षे मिळतात.